वाजवून पाहिलेल्या भिंती

दिवस पहिला : हॅम्पस्टेड

ताईला विमानात झोप लागली नव्हती, तरी दुपारी आम्ही दोघं लंडनमधल्या हॅम्पस्टेडच्या चढावर होतो. सहा दिवसांचा बेत वाईहूनच पक्का करून निघालो होतो. निमित्त भाच्याचं. तो इंग्लंडमधल्या चेल्टनमला नोकरी करतो आणि तिथल्या एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. जानेवारीत त्याने बैठकीच्या भिंतीचा फोटो पाठवला होता : "मामा, दोनदा रंग दिला, तरी ओल परत येते."

चाळीस वर्षं मी जुने वाडे आणि देवळं चुन्यात दुरुस्त करतो आहे. फोटोत भिंत दिसते, पण वाजत नाही. आमच्या कामात भिंत आधी बोटाच्या पेराने वाजवायची असते. विटेला धरून असलेला गिलावा बंद, भरीव आवाज देतो. सुटलेला गिलावा रिकाम्या रांजणासारखा बोलतो. घरमालक मे महिन्यात ती भिंत उघडणार असं कळलं. ताईला लेकाला भेटायचंच होतं. जायचंच आहे तर त्या भिंतीआधी त्या भिंतीच्या थोरल्या बहिणी, म्हणजे तशाच गिलाव्याची नावाजलेली घरं, पाहून घ्यावीत, असं माझ्या मनाने घेतलं.

पहिली बहीण वेंटवर्थ प्लेस, म्हणजे आताचं कीट्स हाउस. झाडांमागे पांढरं, बसकं, दोन मजली घर. चार्ल्स ब्राउन आणि चार्ल्स डिल्क या मित्रांनी ते १८१४ ते १८१६ या काळात बांधून घेतलं. आत घरं दोन, प्रत्येकाचा जिना वेगळा, पण समोरून पाहिलं तर एकाच गृहस्थाचा व्हिला. एकाला न परवडणारा रुबाब दोघांनी मिळून उभा केला. मधली सांधणारी भिंत दिसू नये, ही कामगिरी गिलाव्याची. स्टको म्हणतात तो हाच : विटेच्या भिंतीवर बाहेरून असा गिलावा चढवायचा की वीट विसरून दगड दिसावा.

जॉन कीट्स १८१८ च्या डिसेंबरात ब्राउनच्या अर्ध्या भागात राहायला आला. त्याच साली आपल्याकडे पेशवाई बुडाली. तारखा अशा शेजारी आल्या की मला जग एकाच अंगणात असल्यासारखं वाटतं. पुढच्या वसंतात याच बागेत त्याने कोकिळकंठी नायटिंगेलवरची कविता लिहिली. पुढे एलायझा चेस्टर या निवृत्त नटीने मधली भिंत फोडून दोन्ही घरं खरोखरच एक केली आणि बाजूला एक दिवाणखाना जोडला. समोरचा गिलावा जे वीस-बावीस वर्षं सांगत होता, ते तिने खरं करून टाकलं.

भिंत वाजवायला हात पुढे गेला होता. ताईने मनगट धरलं. "संग्रहालय आहे रे." खरंच होतं. हात खिशात घातला.

दिवस दुसरा : लंडन

सकाळी ब्रिटिश म्युझियमसमोरच्या ग्रेट रसेल स्ट्रीटवर गेलो, पण म्युझियमसाठी नाही. कोपऱ्यावर घरांची एक जुनी ओळ आहे, जॉन नॅश या आर्किटेक्टने १७७७-७८ मध्ये बांधलेली. वारशाने मिळालेला पैसा त्याने या घरांत घातला आणि लंडनमध्ये तेव्हा नवलाईचा असलेला स्टको त्यांवर चढवला. घरं खपली नाहीत, आणि १७८३ मध्ये नॅशचं दिवाळं निघालं. ज्या गिलाव्याने बुडवलं, त्याच गिलाव्याने पुढे पन्नास वर्षं त्याने इंग्लंडचं रूप बदललं. या माणसाबद्दल मला फार आपुलकी आहे.

तिथून रीजंट्स पार्क. तळ्याच्या काठावर बाकावर बसलं की पलीकडे झाडीत 'द होम' हा व्हिला दिसतो. पांढऱ्या भिंतीतून मधला गोलसर भाग पाण्याकडे पुढे आलेला. १८१८ मध्ये डेसिमस बर्टनने वडिलांसाठी याचा आराखडा केला, तेव्हा त्याचं वय १८. ताई म्हणाली, "या वयात आपला पोरगा सायकलचं पंक्चर काढायला शिकत होता," आणि बराच वेळ त्या घराकडे बघत राहिली.

बाकावर बसून मी तिला सिमेंटची गोष्ट सांगितली. शेपी बेटाच्या किनाऱ्यावर चिकणमातीत चुनखडीचे गोटे सापडतात. जेम्स पार्करने ते भाजून दळले आणि १७९६ मध्ये पेटंट घेतलं. नाव पुढे पडलं 'रोमन सिमेंट', पण रोमन लोकांशी त्याचा काही संबंध नाही. रंग तपकिरी, आणि पाणी घातलं की पाव तासात घट्ट. आपल्या चुन्याला जिथे आठवडे लागतात, तिथे हा पाव तास. ओल्या हवेच्या देशाला बाहेरच्या भिंतीसाठी असंच काहीतरी हवं होतं. १८१० मध्ये पेटंटची मुदत संपली, बनवणारे वाढले, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं गावागावांत गिलाव्याचे व्हिला उगवत गेले. विटेचं घर दगडाच्या दिमाखात, दगडाच्या खर्चाशिवाय.

संध्याकाळी पार्क व्हिलेज वेस्टच्या वळणदार गल्लीतून चाललो. सत्तरी ओलांडलेल्या नॅशने १८२४ च्या सुमारास ही छोट्या व्हिलांची वसाहत आखली. पूर्ण केली ती त्याचा शिष्य जेम्स पेनेथॉर्नने. एकही घर दुसऱ्यासारखं नाही. एकाला अष्टकोनी मनोरा, एकाला पसरट छपराची सावली. बागा एकमेकींत मिसळलेल्या. शेजारच्या पार्क व्हिलेज ईस्टची जवळजवळ अर्धी बाजू रेल्वेने रूळ वाढवताना खाल्ली. उपनगरातलं स्वतंत्र बंगल्याचं स्वप्न, जे पुढे पुण्याच्या डेक्कनपासून नाशिकच्या कॉलेज रोडपर्यंत लोकांनी पाहिलं, त्याचं एक जुनं मूळ या गल्लीत आहे असं मला वाटतं.

१८२६ मध्ये एका त्रैमासिकात नॅशवर चार ओळी छापून आल्या होत्या. आशय असा : ऑगस्टसला रोम विटेचं मिळालं, त्याने ते संगमरवराचं केलं, आमच्या नॅशला सगळं विटेचं मिळतं, तो ते गिलाव्याचं करून सोडतो. लोक अजूनही त्या ओळी सांगतात. मला त्या अन्यायाच्या वाटतात. गिलावा करणाऱ्याच्या हाताला किंमत नाही, असं मानणाऱ्यालाच त्या सुचू शकतात.

दिवस तिसरा : क्रॉनखिल

सगळा प्रवास या एका दिवसाभोवती बेतला होता, कारण क्रॉनखिल वर्षातले मोजकेच दिवस उघडतं. इतर वेळी तिथे भाडेकरू राहतात. मालकी नॅशनल ट्रस्टची. पहाटेच्या गाडीने श्रूझबरी, तिथून टॅक्सीने ॲचम गाव, मग शेतांमधला रस्ता.

उतारावर ते घर एकदम समोर येतं. डावीकडे जाड गोल मनोरा, त्यावर बसकं शंकूसारखं छप्पर. मध्ये गोल कमानींची ओसरी. तिच्यामागे चौकोनी मनोरा. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, दरवाजा मध्यावर नाही, आणि तरी तोल कुठेही ढळत नाही. खाली सेव्हर्न नदीचं खोरं. १८०२ च्या सुमारास नॅशने हे बांधलं आणि इंग्लंडमधला इटालियन धाटणीचा हा पहिला व्हिला मानतात. त्याआधी चांगलं घर म्हणजे डावी बाजू उजवीसारखी, हा नियम पक्का होता. इथे तो मोडला.

घर लॉर्ड बेरिकचं नव्हे, त्याच्या ॲटिंगहॅम जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या फ्रान्सिस वॉलफर्डचं. म्हणजे कारभाऱ्याचं घर. पण जहागीरदार इटली फिरून आलेला, चित्रं जमवणारा. क्लोद लोरँच्या चित्रांत दूर टेकडीवर अशी मनोऱ्यांची घरं असतात; नॅशने त्यातलंच एक उचलून श्रॉपशरच्या गवतावर ठेवलं. आधी चित्र, मग घर. त्यामुळे ते लांबून बघायचं घर आहे. मी दोनशे पावलं मागे गेलो, तेव्हा त्याचा खरा आकार लागला.

जवळ आल्यावर मात्र माझं लक्ष धंद्याकडे वळलं. गोल मनोरा दगडात बांधायचा तर प्रत्येक दगडाला बाक घडवावा लागतो. विटेत बांधला तर सांधे बाहेरून उघडे पडतात आणि गोलाई तुटक दिसते. विटेवर गिलावा चढवला की सगळा मनोरा एका कातडीचा होतो. सकाळची सावली एका कडेने सरकायला लागते आणि दुपारपर्यंत कुठेही न अडखळता दुसऱ्या कडेला जाते. हे रूप गिलाव्याशिवाय निघालंच नसतं. म्हणून स्टको ही स्वस्तातली नक्कल, असं म्हणणाऱ्याने क्रॉनखिलच्या त्या सावलीसमोर तासभर उभं राहावं.

आणखी एक गोष्ट. छपराची वळचण भरपूर बाहेर काढलेली आहे, खाली लाकडी घोड्यांचा आधार देऊन. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. लंडनच्या बऱ्याच स्टको घरांना छप्पर लपवणारा कठडा असतो. पाण्याची पन्हळ त्या कठड्यामागे दडलेली. ती तुंबली की पाणी सरळ भिंतीच्या पोटात. दिसायला कठडा भारी, पण घर टिकायचं तर वळचण हवी. आमच्या वाड्यांना हे शिकवावं लागत नाही. सह्याद्रीचा पाऊसच शिकवतो.

दारातल्या स्वयंसेविका बाईंना मी विचारलं, भिंत हलकेच वाजवू का? त्या हसून म्हणाल्या, हलकेच. गोल मनोऱ्याच्या सावलीच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. टक. भरीव. दोन हात पुढे पुन्हा टक. तिथेही भरीव. ताई त्या बाईंना सांगत होती की आमच्या घरात सगळेच असे भिंतींशी बोलतात.

दिवस चौथा : चेल्टनम

पिटव्हिल ही जोसेफ पिटने वसवलेली वस्ती. आर्किटेक्ट जॉन फोर्ब्सने वर टोकाला पंप रूम बांधला, १८२५ ते १८३० मध्ये : घुमट, खांबांची रांग, आणि आत औषधी पाण्याचा नळ. ते पाणी प्यायला लोक यायचे, आणि त्यांना राहायला हे व्हिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून निवृत्त होऊन आलेले अधिकारी या गावात पुष्कळ होते. त्या पैशात आपल्या मुलखातला वसूल किती असेल, हा विचार प्रत्येक सुबक फाटकापाशी मनात आला. घरं सुंदर आहेत म्हणून तो विचार सोडून द्यावा, असं वाटलं नाही.

भाच्याचं घर तिठ्यावर आहे. दोन मजले आणि खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर, जिथे पूर्वी स्वयंपाक आणि नोकरचाकर. दर्शनी भिंतीवर आडव्या-उभ्या रेघा : ओला गिलावा असतानाच पट्टी धरून ओढलेल्या, दगडाचे सांधे वाटावेत म्हणून. आपण दगडी भिंतीला टिपकारी करतो ती सांधा भरायला. इथे सांधाच नाही, नुसती टिपकारी. पहिल्या मजल्याला बिडाची बाल्कनी, तिची नक्षी हृदयाच्या आकाराची आणि मधुमालतीच्या वेलाची; ती या गावात जागोजाग दिसते. बाल्कनीवर तंबूसारखं वळलेलं पत्र्याचं छत. खिडक्या जमिनीपर्यंत, वर-खाली सरकणाऱ्या, आतून घडीची लाकडी झडपं. जिना दगडी, एका बाजूने भिंतीत रोवलेला, दुसऱ्या बाजूने अधांतरी, आणि वरून काचेतून उजेड.

पायाड लागलेलं होतं. गिलाव्याचा कारागीर वेल्सचा, साठीचा, बोलणं कमी. मला त्याची भाषा निम्मी कळत होती. भाच्याने ओळख करून दिली. तो काही बोलला नाही, भिंतीकडे वळला आणि पेराने वाजवली. मी थोडं खाली वाजवलं. रांजण. आम्ही दोघांनी माना हलवल्या. त्यानंतर दुभाष्याची फार गरज पडली नाही.

त्याने छिन्नीने एक चौकोन उघडला. वर रंगाचे थर, एकावर एक, पुस्तकाच्या पानांसारखे. बाहेरचे चकचकीत, प्लास्टिकसारखे. त्यांच्याखाली, जमिनीपासून तीनेक फूट उंचीपर्यंत, कुणीतरी नंतर केलेली करड्या पोर्टलँड, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटची दुरुस्ती. वरच्या भागात जुनं तपकिरी सिमेंट अजून विटेला घट्ट धरून होतं. खालचं करडं सिमेंट मात्र एका फटक्यात पाटीसारखं सुटून हातात आलं. मागची वीट चिंब ओली. नखाने कोरली तर लाल चिखल निघाला. वासही तोच, पावसाळ्यात बंद देवघराचा.

ओल जाईना याचं कारण तिथे उघडं पडलं होतं. जुनी मऊ वीट आणि चुन्याचे सांधे पाणी घेतात आणि सोडतात. जमिनीतून चढलेलं, पावसाने आलेलं पाणी पृष्ठभागावरून वाऱ्याने उडून जातं. त्यावर कडक, दाट सिमेंट आणि हवाबंद रंग चढवला की बारीक चिरांतून पाणी आत येतं, पण परतीची वाट बंद. मग ते आतल्या बाजूने, बैठकीच्या भिंतीतून निघतं. भाच्याने दोनदा रंग दिला म्हणजे उरलेली एक वाटही बुजवली. वाईत मी हेच किती घरांत सांगितलं आहे. लोक म्हणतात, सिमेंट मजबूत असतं. असतं. पण भिंतीला मजबुतीइतकाच श्वास लागतो.

रंगांच्या तळाशी कारागिराने मला एक गोष्ट दाखवली. सर्वांत आतला थर पांढरा नव्हता. मधासारखा पिवळसर होता, बाथच्या दगडाच्या रंगाचा. सुरुवातीला चुन्याच्या निवळीत हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून असा रंग द्यायचे, कुठे गडद कुठे फिका, जुना दगड वाटावा म्हणून. दुधासारखे पांढरे व्हिला ही नंतरच्या तैलरंगांची देणगी. म्हणजे आपण ज्याला 'मूळ रूप' म्हणून फोटो काढतो, ते मूळ नव्हेच. मला हे फार मोलाचं वाटलं. थराचा एक तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला आहे.

दिवस पाचवा : चेल्टनम

पंप रूम आणि माँपेलिएचा घुमट बघायचं ठरलं होतं. ताई आणि भाचेसून बघून आल्या. मी पायाडावरून उतरलो नाही.

खालचे तीन फूट उघडेच ठेवायचे, उन्हाळाभर वारा खाऊ द्यायचा, असं ठरलं. वरचा फुटलेला भाग आणि खिडकीवरचा कंगोरा आज करायचा होता. जुनं रोमन सिमेंट आता सहसा मिळत नाही. त्याच्या जवळ जाणारं नैसर्गिक सिमेंट फ्रान्समधून, ग्रेनोबलहून येतं. तेही तसंच घाईचं. म्हणून कारागीर एका वेळी एकच लहान घमेलं कालवायचा, आणि थोडा वेळ मिळावा म्हणून पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकायचा. म्हणजे आपलं लिंबूसत्त्व! वडील चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळ घालायचे ते मी त्याला सांगितलं. त्याने ते दोनदा विचारून घेतलं आणि पेन्सिलीने पायाडाच्या फळीवर लिहून ठेवलं.

कंगोरा ओढायचा साचा बघण्यासारखा होता. कंगोऱ्याचा छेद जस्ताच्या पत्र्यात कापलेला, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला, आणि ठोकळा भिंतीला बांधलेल्या सरळ पट्टीवरून सरकणारा. ओला माल फेकायचा, साचा ओढायचा; पहिल्या ओढीला नुसते ओबडधोबड दात. पुन्हा माल, पुन्हा ओढ. सातव्या-आठव्या ओढीला गलथा उमटला, त्याखालची बारीक कणी उमटली, धार आली. एवढं सगळं पाव तासाच्या आत. मधे थांबलात तर सांधा राहतो, आणि तो सांधा पुढच्या पिढीचा कारागीर वाजवून ओळखतो.

दुपारी त्याने साचा माझ्या हातात दिला. मी चार हात लांबीचा कंगोरा ओढला. हात थरथरला नाही.

दिवस सहावा : ऑस्बर्न

भाच्याला रजा नव्हती. आम्ही दोघं साउदॅम्प्टनहून बोटीने वाइट बेटावर, ईस्ट काउझला उतरलो.

ऑस्बर्न हाउस व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स आल्बर्टने १८४५ मध्ये विकत घेतलं. जुनं घर पाडलं आणि १८५१ पर्यंत नवं उभं केलं. समोरची सॉलंट सामुद्रधुनी आल्बर्टला नेपल्सच्या उपसागरासारखी वाटली, म्हणून दोन उंच इटालियन मनोरे, एकावर घड्याळ, दुसऱ्यावर निशाण. बांधणारा थॉमस क्युबिट, लंडनच्या बेलग्रेव्हियातल्या स्टको ओळी ज्याने उठवल्या तोच. इथेही वीट आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा, रंग दगडाचा. राणीला खरा दगड परवडला असता. तरी तिने गिलावा घेतला. क्रॉनखिलला एका कारभाऱ्यासाठी काढलेला मनोरा पन्नास वर्षांत राणीच्या घरावर चढला होता. पण माझा कौल क्रॉनखिललाच. इथे आकार मोठा झाला, आणि त्या गोल मनोऱ्यावरची सावली हरवली.

आत मात्र मी एका दालनात थांबलो तो हललो नाही. दरबार हॉल, १८९० नंतरचा. छत आणि भिंती पांढऱ्या उठावाच्या कामाने भरलेल्या. चुलाणावर पिसारा फुलवलेला मोर, आणि गणपतीही आहे. ताईने तिथल्या तिथे हात जोडले. हे काम भाई राम सिंग यांचं. पंजाबातल्या सुतारकाम करणाऱ्या घराण्यातला मुलगा, लाहोरच्या मेयो कलाशाळेत शिकलेला, राणीच्या घरी येऊन राहिलेला. त्यांचे गुरू लॉकवुड किपलिंग लाहोरला जाण्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते; क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावचित्रं त्यांचीच. त्या दारातून मी किती वेळा आंब्याच्या पेट्या घेऊन गेलो आहे! गिलावा आणि कागदी लगद्यात उमटलेला तो मोर बघताना मला सहा दिवसांत पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

परतीच्या बोटीला वेळ होता. ईस्ट काउझच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात जॉन नॅशची समाधी आहे. त्याने स्वतःसाठी बांधलेला किल्लेवजा वाडा याच गावात होता. १८३५ मध्ये तो तिथेच वारला. वाडा विसाव्या शतकात पाडून टाकला. चर्चचा मनोरा तेवढा त्याच्या हातचा राहिला आहे. आम्ही आवारात शिरलो तेव्हा कुणी नव्हतं. ताईने वाटेत वेचलेली दोन डेझीची फुलं ठेवली.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. ऑफिसातून सुटून तो पायाडावर चढला होता. "मामा, ऐक," म्हणाला, आणि फोन भिंतीजवळ धरला असावा. थोडी खरखर, मग पेराचा आवाज. टक. टक. जरा सरकून पुन्हा टक.

"भरीव आहे?" ताईने विचारलं.

मी फोन तिच्या कानाला लावला.